कणीस, कडबा आणि कडवळ
ज्वारीच्या एका ताटातील रसायने

पौषाच्या सुमारास रब्बी ज्वारी हुरड्यावर आली म्हणजे सोलापूर, बीड, धाराशिव या भागांतील बांधांवर गोवऱ्यांच्या आगट्या पेटू लागतात. कोवळी कणसे निखाऱ्यांत भाजून हातावर चोळली असता जे हिरवे, मऊ दाणे निघतात त्यांची गोडी सर्वांच्या परिचयाची आहे. ही गोडी मात्र फार दिवस टिकत नाही. पंधरा-वीस दिवसांत तेच दाणे पांढरे व कडक होतात आणि दाताखाली घेतल्यास त्यांत साखरेचा मागमूसही लागत नाही. ती साखर पाखरांनी नेलेली नसते, उन्हाने उडालेली नसते. ती दाण्यातच असते. फक्त तिची कणी कणीला जोडली जाऊन तिचे रूप पालटलेले असते.

ज्वारीच्या ताटाविषयी याहूनही नवलाची गोष्ट अशी की, त्याचे कणीस मनुष्य खातो, कडबा बैल खातो, आणि गुडघाभर उंचीचे तेच ताट उपाशी बैलाने आधाशीपणे खाल्ले तर अर्ध्या तासात तो बैल दगावू शकतो. अन्न, वैरण आणि विष ही तिन्ही एकाच रोपात, एकाच जमिनीतून व एकाच हवेतून तयार होतात. त्यांत कोणती मूलद्रव्ये आहेत हे पाहू गेल्यास ती बहुतांशी तीच ती आढळतात : कर्ब, हायड्रोजन, प्राणवायू व नत्र. फरक पडतो तो त्यांच्या जोडणीत. ही जोडणी समजून घेतली म्हणजे गोठ्यातील व स्वयंपाकघरातील कित्येक नित्याच्या गोष्टींचा उलगडा होतो, आणि एखादे जनावरही वाचते.

हवेतून आलेले पीक

पीक जमिनीतून येते अशी सर्वसाधारण समजूत आहे. या समजुतीला पहिला धक्का सतराव्या शतकात बेल्जियम देशातील व्हान हेल्मोंट या पंडिताने दिला. त्याने २०० पौंड वाळविलेली माती एका कुंडीत भरून तीत ५ पौंड वजनाचे वाळुंजीच्या जातीचे रोप लावले व ५ वर्षे त्यास केवळ पाणी घातले. पाच वर्षांनी झाडाचे वजन १६९ पौंडांवर गेले होते. माती पुन्हा वाळवून तोलली तेव्हा तिच्यात अवघी सुमारे २ औंस घट आली होती. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. झाड पाण्याचेच बनते असा निष्कर्ष त्याने काढला, तो निम्माच बरोबर होता. राहिलेला निम्मा भाग हवेत होता, आणि तो ओळखण्यास पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

आज आपणांस ठाऊक आहे की, पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून आत आलेला कार्बन डायऑक्साइड वायू व मुळांनी ओढलेले पाणी यांचा संयोग सूर्यप्रकाशाच्या बळावर होऊन साखर तयार होते. या साखरेचा मूळ घटक ग्लुकोज. त्याच्या एका रेणूत कर्बाचे ६, हायड्रोजनचे १२ व प्राणवायूचे ६ अणू असतात. ज्वारी, बाजरी, मका व ऊस या पिकांची यात एक विशेष हातोटी आहे. ती हवेतील कर्ब प्रथम चार कर्बअणूंच्या संयुगात पकडतात व मग आतील पेशींत नेऊन एकवटतात. त्यामुळे रंध्रे फारशी उघडी न ठेवताही त्यांचे काम चालते व कमी पाण्यावर जास्त वाढ होते. हॅच व स्लॅक या दोघा शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियात उसाच्या पानांवर प्रयोग करून १९६६ मध्ये हा मार्ग मांडला. गहू किंवा भात यांच्या ठायी ही सोय नाही. कोरडवाहू शेतकऱ्याने शतकानुशतके ज्वारीवर ठेवलेला भरवसा रसायनशास्त्राच्या कसोटीसही असा उतरलेला आहे.

साखर, पीठ आणि भाकरी

पानांत तयार झालेली साखर उसाच्या साखरेच्या रूपाने ताटातून वर चढते व दाण्यात उतरते. हुरडा गोड लागतो तो याच अवस्थेत. मग दाण्यातील विकरे (म्हणजे पेशींत रासायनिक क्रिया घडवून आणणारी विशिष्ट प्रथिने) ग्लुकोजचे एकेक रेणू दुसऱ्यास जोडीत जातात. दर जोडास पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, आणि शेकडो, हजारो मण्यांची माळ तयार होते. हाच पिष्ट पदार्थ अथवा स्टार्च. साध्या ज्वारीच्या पिष्टात सुमारे पाव हिस्सा सरळ माळांचा व पाऊण हिस्सा फांद्या फुटलेल्या माळांचा असतो. माळ जिभेला गोड लागत नाही. परंतु भाकरीचा घास गिळण्याची घाई न करता बराच वेळ चावीत राहिल्यास तो गोडसर लागू लागतो. कारण लाळेतील विकर माळ तोडून पुन्हा साखर मोकळी करते.

पिष्टाचा हा माळेचा गुण भाकरी थापणाऱ्या स्त्रियांनी रसायनशास्त्राच्या पुस्तकावाचून ओळखलेला आहे. गव्हाच्या कणकेस चिकटपणा येतो तो त्यातील ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे. ज्वारीत ते नसते. म्हणूनच भाकरीचे पीठ उकळत्या पाण्यात मळतात. ७० अंश सेल्सियसच्या आसपास पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात, त्यांतील माळा सैल होऊन एकमेकींत गुंततात आणि पिठास धर येतो. गार पाण्यात मळलेली भाकरी थापताना कडेने चिरते, याचे कारण हेच. तीच भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते तेव्हा केवळ पाणी उडाले असे नव्हे. मोकळ्या झालेल्या माळा पुन्हा एकमेकींस चिकटून ओळीने बसलेल्या असतात. शिळी भाकरी तव्यावर गरम केली की काही वेळ मऊ होते, ती या माळा पुन्हा सैल झाल्याने.

मग कडबा मनुष्यास का पचत नाही?

येथे खरी गंमत आहे. कडब्यातील मुख्य पदार्थ सेल्युलोज. फ्रान्समधील पायां या रसायनशास्त्रज्ञाने १८३८ मध्ये तो निरनिराळ्या वनस्पतींतून वेगळा केला आणि त्याचे पृथक्करण केले, तेव्हा त्यातील कर्ब, हायड्रोजन व प्राणवायू यांचे प्रमाण पिष्टातल्याप्रमाणेच निघाले. सेल्युलोज हीही ग्लुकोजचीच माळ आहे. कणसातील पीठ व धाटाची चोय ही दोन्ही एकाच मण्याची बनलेली आहेत. तरीही एकाने पोट भरते आणि दुसऱ्याने दात दुखतात.

याचे उत्तर पेंढ्या रचण्याच्या रीतीत सापडते. कडब्याच्या पेंढ्या एकीवर एक ठेवताना सर्व बुडखे एकाच बाजूस केले तर ती चळत हळूहळू एका अंगास वाकू लागते. तेच एक पेंढी सुलट व दुसरी उलट अशी ठेवीत गेल्यास चळत सरळ व घट्ट बसते. ग्लुकोजचे मणीही असेच दोन प्रकारांनी जोडता येतात. पिष्टात प्रत्येक मणी एकाच बाजूने जोडलेला असतो. त्यामुळे माळ वाकून मळसूत्रासारखी वळते, तिच्यात पोकळी राहते, पाणी व विकरे आत शिरू शकतात. सेल्युलोजमध्ये मात्र एक आड एक मणी उलटा असतो. माळ सरळ काठीसारखी होते, अशा अनेक काठ्या शेजारी शेजारी बिलगतात व त्यांची मोळी इतकी घट्ट बसते की पाणीही आत शिरत नाही. मनुष्याच्या पोटातील विकरे पहिल्या प्रकारचा जोड तोडू शकतात, दुसऱ्या प्रकारचा नाही. अणू तेच, संख्या तीच. जोडाची केवळ दिशा निराळी, आणि तेवढ्यावरून अन्न व चोय असा भेद पडला.

हा फरक घरीही पाहता येतो. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या टिंक्चर आयोडीनचा एक थेंब ज्वारीच्या पिठावर टाकल्यास गर्द निळा-काळा डाग पडतो. आयोडीन पिष्टाच्या मळसूत्रात शिरून बसल्याने हा रंग येतो. वाळलेल्या कडब्याच्या पानावर तोच थेंब टाकला तर तेथे निळा रंग सहसा येत नाही. शाळेतील मुलांस हा प्रयोग अवश्य दाखवावा.

कोठीपोटातील भागीदार

सेल्युलोजचा जोड तोडणारे विकर बैलाच्या शरीरातही तयार होत नाही, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. ते काम त्याच्या कोठीपोटात राहणारे कोट्यवधी सूक्ष्म जंतू करतात. बैल रवंथ करून चारा बारीक करतो, लाळ पुरवितो, ऊब देतो. जंतू सेल्युलोज फोडतात व त्यापासून ॲसेटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही आम्ले तयार करतात. जनावर आपली बरीचशी शक्ती या आम्लांतून मिळविते. यांतील ॲसेटिक आम्ल दुधातील स्निग्धांशाच्या घडणीस विशेष उपयोगी पडते. वैरण कमी करून पेंड व भरडाच वाढविल्यास दूध संकलन केंद्रावर फॅट कमी लागते, त्याचे मूळ येथे आहे.

ही भागीदारी नाजूक आहे. सुगीच्या दिवसांत एखादा बैल रात्री दावे तोडून खळ्यावर जातो व पोटभर ज्वारी खातो. मालकास वाटते, खाल्ली तर खाल्ली, धान्यच आहे. परंतु चोयीपेक्षा पिष्ट कितीतरी वेगाने फुटते. कोठीपोटात लॅक्टिक आम्लाचा पूर येतो, नेहमीचे जंतू त्यात मरतात, रवंथ बंद पडते, पोट तडस लागते, शेणास आंबूस वास येतो व जनावर लडखडू लागते. अशा बैलास पाणी पाजून व फिरवून वाट पाहत बसणे धोक्याचे असते. धान्य किती खाल्ले याचा अंदाज घेऊन त्याच रात्री पशुवैद्यास बोलवावे. दिसण्यात हा केवळ अपचनाचा प्रकार वाटला तरी यात बैल दगावतो. खळ्यावरची रास झाकलेली व जनावरे पक्की बांधलेली असणे हाच यावरील स्वस्त उपाय होय.

कडब्यात सेल्युलोजखेरीज लिग्निन नावाचा आणखी एक पदार्थ असतो. त्यातील अणूंची जोडणी साखरेच्या माळेसारखी नसून आडवीतिडवी व कोळ्याच्या जाळ्यासारखी असते. धाट उभे राहते ते त्याच्या बळावर. पण तोच सेल्युलोजभोवती कवच करून बसतो आणि कोठीपोटातील जंतूंनाही दाद देत नाही. पीक जसजसे जून होते तसतसे लिग्निन वाढते. पानाची मधली शीर तपकिरी असणारे ज्वारीचे काही वाण शास्त्रज्ञांनी मिळविले आहेत. त्यांत लिग्निन कमी असल्याने वैरण अधिक पचते.

युरियाची वैरण व व्होलरचा प्रयोग

निकृष्ट वैरण सुधारण्याचा एक मार्ग म्हणजे युरियाची प्रक्रिया. १०० किलो कोरड्या चाऱ्यास ४ किलो युरिया ५० ते ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरावर सारखा शिंपडतात, चारा तुडवून दाबतात व प्लास्टिकच्या कागदाने हवाबंद करून ३ आठवडे ठेवतात. चाऱ्यावरील जंतूंचे युरिएज हे विकर युरियाचे विघटन करते, अमोनिया निघतो, आणि तो लिग्निनचे सांधे सैल करतो. चाऱ्याचा रंग पिवळसर तपकिरी होतो व ३-४ टक्क्यांवर असणारे कच्च्या प्रथिनांचे प्रमाण ७-८ टक्क्यांपर्यंत जाते. उघडल्यावर वैरण तासभर हवेवर पसरून मगच घालावी. ६ महिन्यांखालील वासरांस ती मुळीच देऊ नये, कारण त्यांच्या कोठीपोटातील जंतूंची वाढ पुरी झालेली नसते. मालदांडीचा चांगला, हिरवट, पानाळ कडबा ज्याच्या गंजीत आहे त्याने मात्र या खटाटोपात पडण्याचे कारण नाही. त्याने कडबाकुट्टी यंत्र घ्यावे, तेवढे पुरे. भाताचा पेंढा, गव्हाचे काड, पाने झडलेली जाड धाटे यांसाठी ही प्रक्रिया खरी उपयोगी. बुरशी आलेला चारा प्रक्रियेने सुधारत नाही, हेही ध्यानात ठेवावे. युरियाचे पोते किंवा युरिया कालवलेली बादली जनावरांच्या तोंडी लागेल अशी कधीही ठेवू नये. एकदम पोटात गेलेल्या युरियाचा अमोनिया जंतूंना आवरत नाही व तो रक्तात शिरून जनावर मारतो.

युरियाचा रसायनशास्त्राच्या इतिहासात एक मान आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी असे मानले जात असे की, सजीवांतील पदार्थ केवळ जीवशक्तीनेच घडतात, प्रयोगशाळेच्या काचपात्रात नव्हे. १८२८ मध्ये जर्मनीतील व्होलर याने अमोनियम सायनेट या क्षारापासून युरिया तयार केला. प्राण्यांच्या मूत्रात सापडणारा पदार्थ प्राण्यावाचून निर्माण झाला. जीवशक्तीची कल्पना काही त्या एका दिवसात नाहीशी झाली नाही. पण सजीव व निर्जीव यांच्यामधील भिंतीस पहिले भगदाड पडले. ज्या युरिएज विकराचा वर उल्लेख आला ते १९२६ मध्ये अमेरिकेतील सम्नर याने आबईच्या वर्गातील एका शेंगेच्या बियांतून स्फटिकरूपाने वेगळे केले, आणि विकर हे एक प्रथिनच असते असे प्रथमच दाखवून दिले. त्याबद्दल त्यास १९४६ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

नत्राची किंमत

कर्ब, हायड्रोजन व प्राणवायू ही हवेतून व पाण्यातून फुकट मिळतात. प्रथिनांसाठी मात्र नत्र लागते व तेथे शेतकऱ्याच्या खिशास हात घालावा लागतो. प्रथिने ही अमिनो आम्लांची माळ होय. पिष्टात एकच मणी पुनःपुन्हा येतो, तर प्रथिनांत वीस प्रकारचे मणी असतात, आणि ते कोणत्या क्रमाने ओवले आहेत यावरून ते प्रथिन केस होणार, रक्त होणार की विकर होणार हे ठरते. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नत्र असते. ज्वारीत सुमारे १० टक्के प्रथिने धरल्यास १० क्विंटल धान्यातून १०० किलो प्रथिने, म्हणजे १६ किलो नत्र शेताबाहेर जाते. जवळजवळ ३५ किलो युरियातील नत्र होते ते. कडबाही विकला तर आणखी जाते. मणी ओवण्याचा क्रम बीजातील डीएनए या रेणूत लिहिलेला असतो. १९६४ मध्ये प्रसृत झालेल्या सी. एस. एच.-१ पासून आजवरच्या सर्व संकरित ज्वारीचे बी दरवर्षी नवे घ्यावे लागते, ते दोन निराळ्या आईबापांचे हे लेख दुसऱ्या पिढीत विखुरतात म्हणून.

ज्वारीच्या दाण्यातील बहुतेक प्रथिन काफिरिन या जातीचे आहे. त्यात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल फार थोडे असते, आणि शिजविल्यावर त्याचे सांधे आपापसांत जुळून ते पचण्यास काहीसे जडही होते. तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या डाळीत लायसिन भरपूर, पण गंधक असलेले मेथिओनिन कमी. एकीची उणीव दुसरी भरून काढते. भाकरी-पिठले हे गरिबाचे जेवण म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी. तीन-चार भाग ज्वारीस एक भाग डाळ असे प्रमाण राखल्यास प्रथिनांची प्रत पुष्कळ सुधारते. डाळ महाग झाली व ताटात केवळ भाकरी-मिरची उरली म्हणजे काय होते, हे दख्खनच्या पठाराने पाहिलेले आहे. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे चट्टे, जुलाब व बुद्धिभ्रम ही लक्षणे असलेला पेलाग्रा हा रोग ज्वारी खाणाऱ्या गरीब मजुरांत आढळे. हैदराबाद येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. सी. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये असे मत मांडले की, ज्वारीतील ल्युसिन या अमिनो आम्लाच्या अतिरेकाने नायसिन या जीवनसत्त्वाच्या उपयोगात अडथळा येतो. या मताविषयी पुढे शास्त्रज्ञांत मतभेद झाले. परंतु एकाच धान्यावर दिवस काढण्याने हा रोग होतो याविषयी दुमत नव्हते. १९७३ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या सिंग व ॲक्स्टेल यांनी इथिओपियाच्या ज्वारींत लायसिन जास्त असलेले वाण शोधून काढले. त्यांचे दाणे सुरकुतलेले व वजनाला हलके निघाले, आणि शेतकरी वजनावर धान्य विकतो. ते वाण पसरले नाहीत.

कोवळ्या ताटातील विष

आता त्या गुडघाभर ताटाकडे वळावयाचे. १९०२ मध्ये डन्स्टन व हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी ज्वारीच्या कोवळ्या रोपांतून एक पदार्थ वेगळा केला व ज्वारीच्या अरबी नावावरून त्यास धुरिन असे नाव दिले. वर आलेल्या सर्व कथेचे धागे या एका रेणूत एकत्र येतात. त्याचा एक भाग तोच ग्लुकोज आहे, ज्याने कणीस भरते. दुसरा भाग टायरोसिन या अमिनो आम्लापासून बनतो, जे प्रथिनांतही असते. रोप प्रथिनांसाठी आणलेल्या नत्राचा काही भाग अशा रीतीने आपल्या संरक्षणासाठी राखून ठेवते. जोवर धुरिनचा रेणू अखंड आहे तोवर तो निरुपद्रवी असतो. तो पानाच्या वरच्या आवरणातील पेशींत साठविलेला असतो व त्यास फोडणारी विकरे आतील पेशींत असतात. मध्ये भिंत असते. जनावराने पान चावले, पान तुडविले गेले किंवा सुकून मरगळले की भिंती फुटतात, दोन्ही एकत्र येतात, ग्लुकोज सुटून जातो आणि हायड्रोसायनिक आम्ल बाहेर पडते.

हे आम्ल रक्तातील प्राणवायू हिरावून घेत नाही. पेशींतील ज्या विकराच्या साहाय्याने प्राणवायू वापरला जातो ते विकरच ते बंद पाडते. रक्त प्राणवायूने भरलेले, लालभडक असते, आणि जनावर गुदमरून मरते. वजनाच्या दर किलोस साधारण २ मिलिग्रॅम हे प्रमाण घातक धरतात. हिरव्या चाऱ्यात दर किलोस २०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक आम्ल असल्यास तो धोक्याचा समजतात. ३०० किलोच्या बैलास ६०० मिलिग्रॅम घातक, म्हणजे असा अवघा ३ किलो चारा. हातात मावेल एवढ्या दोन पेंढ्यांचे हे वजन आहे. हळूहळू थोडा थोडा चारा पोटात गेल्यास यकृतातील विकर या विषास गंधक जोडून ते निकामी करते व जनावर तगते. उपाशी बैल कडवळात सुटला तर त्यास तेवढी सवड मिळत नाही.

धुरिन सर्वांत अधिक असते ते कोवळ्या रोपात, आणि कापणीनंतर बुडख्यातून फुटलेल्या धुमाऱ्यांत. पीक उंच होऊन फुलोऱ्यावर येईतो ते उतरते, पक्व दाण्यात जवळजवळ नसते. (दाणा भिजवून मोड आणला की कोंबात ते पुन्हा उपजते. म्हणून ज्वारीच्या माल्टसाठी मोड वाळवून काढून टाकतात; ज्वारीचे मोड मटकीसारखे कच्चे खाण्यास योग्य नाहीत.) भरपूर नत्र दिलेल्या पिकात ते वाढते, आणि पावसाने ताण दिल्यास आणखी वाढते, कारण वाढ खुंटते पण विषाचा साठा थोड्याच पानांत राहतो. खरीप पेरणी झाली, युरियाचा हप्ता दिला, पाऊस तीन आठवडे दडून बसला, आणि गंजी संपल्यामुळे कोमेजलेली ज्वारी कापून जनावरांपुढे टाकली : दुर्घटनेस लागणाऱ्या सर्व गोष्टी येथे एकत्र येतात, आणि त्यांतील प्रत्येक गोष्ट शेतकऱ्याने नाइलाजानेच केलेली असते. जे कारखान्यात झाले ते रासायनिक व म्हणून विषारी, जे शेतात उगवले ते नैसर्गिक व म्हणून निर्धोक, असे मानणाऱ्यांनी या ताटाचा विचार करावा.

कडवळ ५० टक्के फुलोऱ्यावर आल्यावर कापणे सर्वांत श्रेयस्कर. चाऱ्याची अगदीच निकड असल्यास कापलेले कडवळ पूर्ण वाळवावे; हायड्रोसायनिक आम्ल उडून जाणारे असल्याने नीट वाळलेल्या चाऱ्यात धोका पुष्कळ कमी होतो. अर्धवट सुकलेला चारा मात्र ताज्याइतकाच वाईट. मुरघास केल्यासही आम्ल कमी होते. जनावरास प्रथम कोरडी वैरण देऊन मगच हिरवा चारा थोडा थोडा द्यावा, कापणी झालेल्या रानात फुटवे असतील तर उपाशी जनावरे सोडू नयेत, आणि दीर्घ ताणानंतर पाऊस पडून नवे फुटवे आले असता आठ-दहा दिवस विशेष जपावे.

ताणाच्या दिवसांत एक दुसरी आपत्तीही याच ताटात दडलेली असते. मुळांनी ओढलेल्या नत्राची प्रथिने न होता तो नायट्रेटच्या रूपाने धाटाच्या बुडाशी साचतो. वाळविल्याने हे नायट्रेट जात नाही. त्याने रक्त चॉकलेटी रंगाचे होते, तर सायनाइडने लालभडक. हा भेद औषधाच्या दृष्टीने जीवनमरणाचा आहे, कारण सायनाइडवर पशुवैद्य सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात. नायट्राइट रक्तातील रंगद्रव्याचे रूप पालटून त्याकरवी सायनाइड पकडते, थायोसल्फेट त्यास गंधक पुरविते. परंतु नायट्रेटची बाधा झालेल्या जनावरास नायट्राइट टोचणे म्हणजे विषात विषाची भर घालणे होय.

म्हणून जनावर धापा टाकू लागले, तोंडाला फेस आला, ते थरथरत खाली बसले, की दाव्यास धरून ओढाताण करू नये. चारा तात्काळ पुढून काढावा, बाकीची जनावरे दूर न्यावीत व पशुवैद्यास निरोप धाडतानाच सांगावे की, जनावराने कोवळी ज्वारी खाल्ली आहे, किती वेळापूर्वी, आणि पिकास युरिया केव्हा दिला होता. खाऊन उरलेल्या चाऱ्याची एक मूठ, बुडख्यासकट, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून सावलीत ठेवावी.